मुगातली राख

आमच्या बोरीत घरोघरी गॅस आला आणि राख गेली. शहरातल्या माणसाला यात रडण्यासारखं काय ते कळणार नाही. त्यानं एकदा माझ्या आईला विचारावं. माझी आई उमादेवी राख चोळल्याशिवाय मूग डब्यात भरत नाही, कारण राख लावली की मुगाला किडे लागत नाहीत. चूलच विझल्यावर राख आणायची कुठून? म्हणून गावातल्या बायका ज्याच्या दारी जाऊ लागल्या, तो सिद्धोधन.

सिद्धोधन भंगार घेतो. गावाबाहेर जिंतूर रस्त्याला पत्र्याचं कुंपण घातलेली त्याची जागा आहे. रिकाम्या बाटल्या, फुटक्या बादल्या, ठिबकच्या नळ्या, बंद पडलेले मोबाइल आणि टीव्ही हे सगळं गाव आधी बिनदिक्कत नाल्यात लोटायचं. ते त्यानं पोत्यांत भरभरून काढलं. पावसाळ्यात माझ्या किराणा दुकानात पाणी शिरायचं थांबलं ते याच्यामुळं, ग्रामपंचायतीमुळं नव्हे. मी हे चारचौघांत म्हणतो तेव्हा पंचायतीची माणसं गुमान चहा पितात.

प्लास्टिक तो जालन्याच्या व्यापाऱ्याला द्यायचा. वायरी आणि मोबाइलमधल्या हिरव्या पट्ट्या मात्र कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या आगीवर जाळायचा, कारण वरचं जळालं की तांबं मोकळं होतं. मग ती राख चाळायचा, आधी मोठ्या चाळणीनं, नंतर पिठाच्या. तांब्याची बारीकशी तारही वाया जायला नको. खाली उरायची ती मऊसूत राख. चुलीची राख तिच्यापुढं अगदीच भरड. बायकांनी ती पाहिली आणि मागितली. सिद्धोधननं कधी पैसा घेतला नाही. उलट हरखून गेला. ज्या घरांत त्याला अजूनही ओसरीच्या पुढं ये म्हणत नाहीत, त्या घरच्या बायका त्याच्या दारात डबे घेऊन उभ्या राहायच्या. "लागंल तेवढी न्या," म्हणायचा. त्याचा तो आनंद मी पाहिलेला आहे, म्हणूनच पुढचं आठवलं की जास्त राग येतो.

त्याची नात साक्षी, लहानगी, अंगणातच खेळणारी. तिचं पोट दुखायला लागलं. खेळता खेळता मध्येच मलूल होऊन बसायची. चांगली बोलत होती, ती बोलायची कमी झाली. गावात जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. शेवटी परभणीच्या डॉक्टरांनी घरात धंदा काय म्हणून विचारलं आणि रक्त तपासायला पाठवलं. रक्तात शिसं निघालं. त्या धुरातलं, त्या राखेतलं. राखेनं घासलेली भांडी आणि राखेतलं कडधान्य सिद्धोधनच्या घरातही होतंच की.

त्यानं जाळणं त्या दिवशी बंद केलं. वायर आहे तशी विकायला लागला, त्यात फारसं सुटत नाही. घरातलं कडधान्य खड्डा करून पुरलं, सुनेला आणि नातीला नातीच्या मामाकडं ठेवलं. एवढ्यावर थांबला असता तर कोणी काही म्हणालं नसतं. पण तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "शिवकांतभाऊ, माझ्या लेकराचं कळलं तरी. बाकीच्या लेकरायचं कुणाला कळायलंय? दिलेली राख मी घरोघर जाऊन वापस आनतो."

आणि तो रिकामी पोती घेऊन निघाला.

माझ्या गावानं यावर काय करावं? मोबाइलमधून सोनं काढतात असा कुठलासा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर येऊन गेला होता. भंगारवाला फुकट दिलेली राख परत मागतो, म्हणजे राखेत सोनं आहे, असं ठरलं. ज्या बायका कोपऱ्यात डबा ठेवायच्या त्यांनी तो माळ्यावर चढवला. शिकलेसवरलेले लोक, बँकेत खाती असलेले, राखेच्या डब्याला कुलूप लावून बसले. सरपंचांनी तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "एका डब्यात किती निघत असंल?" मी म्हटलं, तुमच्या नातवाच्या पोटात निघेल तेवढं. तेव्हापासून ते माझ्या दुकानातून साखर नेत नाहीत.

माझ्या घरी तरी काय वेगळं झालं? सिद्धोधन ओसरीच्या पायरीशी उभा राहिला. आई मुगाचा डबा पोटाशी धरून.

"मावशी, ती राख द्या. लय वाईट हाय ती."

"वाईट कशी रं? चुलीच्या राखंत एखादा किडा तरी जगायचा. हिच्यात एक जगला न्हाई. लय गुनाची राख हाय."

"म्हनूनच म्हनायलोय मावशी. किडा जगंना, लेकरू कसं जगंल?"

"किडा किडा हाय, मानूस मानूस हाय," आई म्हणाली आणि आत गेली. मी पेपरातलं वाचून दाखवलं, डॉक्टरांचं सांगितलं, ओरडलो. शेवटी ती देवळात गेलेली पाहून मी डबाच उचलला आणि मुगासकट सिद्धोधनच्या पोत्यात रिकामा केला. पूर्ण गावातून त्याला मिळालेली तेवढीच राख. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं.

मूग गेला तर गेला, घर वाचलं, असं मी समजत होतो. परवा दुकानात सिद्धोधन उभा होता. साक्षी आता बरी आहे, पुन्हा बोलते आहे, आज मामाकडून येते आहे, असं सांगत होता. बऱ्याच दिवसांनी मोकळं हसत होता. तेवढ्यात आई समोरून आली. हातात डबा, डब्यात राख. मऊसूत, चाळलेली.

"कुठून आनली?" मी विचारलं. आई माझ्याशी बोलत नसल्यामुळं तिनं सिद्धोधनलाच सांगितलं.

"आपल्या गल्लीतल्या परमेश्वरकडून. तू सोडल्यापासून वायरी तोच जाळायलाय देवळाच्या मागं. ‘सिद्धोधनची राख’ म्हनलं की देतो. सगळ्या बाया तसंच मागायल्यात." मग त्याचा चेहरा पाहून तिला वाटलं, याला वाईट वाटलं असेल. तिनं समजूत काढली. "तू दिली न्हाईस तरी नाव तुझंच हाय बाबा. घरोघर घेत्यात."

"मावशी," सिद्धोधन म्हणाला, "ह्या गावात चार घरी माझं नाव निघावं असं मला लय वाटायचं. आता ते वापस मागायला कोन्या दारी जाऊ?"