मावशी पुढच्या दारानं आली

गेल्या महिन्यात रजियाआपांचा, मावशीच्या शेजारणीचा, फोन आला. "बेटा, तेरी मौसी नहीं रही." मी नववीच्या वर्गावर होते. फळ्यावरचं वाक्य अर्धंच राहिलं...

सुशीलामावशी माझ्या आईची थोरली बहीण, दवाखान्यात आया. पिशोर गावाहून मी शहरात कॉलेजला आले ती छावणीतल्या तिच्या दोन खोल्यांत राहिले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि ती तिच्या भाकरीवर झाले. त्या घरात तेव्हा हसणं नव्हतं. तिच्या एकुलत्या एका मुलानं, समूनं, आदल्या वर्षी स्वतःचा जीव संपवला होता. आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच दाविदकाका यांनी सांगितलं की असं मरण देवाला मान्य नाही, सगळ्यांमध्ये त्याला जागा देता येणार नाही. कब्रस्तानात भिंतीशी, जिथं पालापाचोळा टाकत, तिथं समूला पुरलं.

आमच्याकडे उपासना संपली की सगळे पुढच्या दाराशी रांगेनं उभे राहतात आणि एकमेकांचा हात हातात घेऊन सलाम म्हणतात. रांगेत पहिले दाविदकाका. मावशी बाजूच्या दारानं निघून जायची. मला वाटायचं, हा राग आहे. एकदा भाकरी थापताना तीच म्हणाली, "राग नाय गं. ते खरं बोलले असतील, याचंच भ्या वाटतं." समूला देवानं टाकलं असेल, ही भीती तिला आतून खात होती. प्रार्थनेलाही ती आरोपीसारखी उभी राहायची. देव क्षमा करतो, असं मी समजावू लागले, तर म्हणाली, "बी.ए. झाली म्हणून देव तुला जास्त कळला व्हय? जेव गुमान."

मग तिच्या वॉर्डात एक तरुण मुलगा आला. ताप डोक्यात गेलेला. आईला ओळखत नव्हता, शिव्या द्यायचा, तिच्या अंगावर थुंकायचा. आई त्याचं तोंड पुसत राहायची. त्याचा जीव गेला तरी ती त्याचे पाय चोळत होती... त्या संध्याकाळी मावशी घरी येऊन उंबऱ्यातच बसली. "ती बाई लेकराला सोडंना गं. माझा देव तिच्याहून कमी हाय व्हय? समू त्याच्याजवळच असंल." समू गेल्यानंतर ती पहिल्यांदा मोकळेपणानं रडली, ती त्या दिवशी.

त्या रविवारी उपासना संपल्यावर ती पुढच्या दारानं आली. दाविदकाकांच्या डोळ्यांत बघून तिनं हात पुढे केला. "सलाम, दाविदभाऊ." त्यांनी हात दिला, पण नजर खाली. माफी त्यांनी कधीच मागितली नाही. घरी आल्यावर मी चिडले, तर म्हणाली, "माझं लेकरू देवाच्या हातात हाय. आता यांच्याकडून मला काय घ्यायचंय?"

शेवटचं दुखणं फार लांबलं. वेदनेनं ती उशी दातांत धरायची. पण मरणाचं भय तिच्या तोंडावर मला दिसलं नाही. भिंतीशी, समूशेजारी जागा द्या, एवढंच तिनं मागितलं होतं. ती मिळाली. दाविदकाका कब्रस्तानाच्या फाटकाशीच उभे राहिले, आत आले नाहीत.

मी अजून रविवारी मावशीच्याच मंडळीत जाते. पुढच्या दाराशी दाविदकाका हात पुढे करतात. मी तो हातात घेते, सलाम म्हणते. मावशीसारखं त्यांच्या डोळ्यांत बघणं मला अजून जमलेलं नाही.