पिशव्यांसाठी हँडल

ज्या वस्तूला जे नाही ते बसवून दिल्याशिवाय माझ्या मामेसासऱ्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. एसटीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून उभा जन्म काढल्यावर माणूस घरी बसून जप करील. हे भोरजवळच्या उत्रोलीत एकटे राहून देव्हाऱ्याला मडगार्ड बसवतात, का तर समईची काजळी भिंतीवर उडू नये. आमच्या लग्नात त्यांनी आहेर केलेल्या पाटाला चार चाकं होती. माझे वडील त्यावर जेवायला बसले, श्रीखंडाचं पातेलं जवळ ओढायला गेले आणि पातेलं जागेवर राहून स्वतःच पडवीत पोचले. "पोटभर जेवल्यावर उठवत न्हाई मान्साला," मामा म्हणाले, "हात धुवायला बसल्या बसल्या जाता येतं." वडिलांनी तो पाट माळ्यावर टाकला, तो अजून तिथेच आहे.

अशा माणसाच्या हाती एकचाकी सायकल लागली. पुण्याची नात सुट्टीत घेऊन आली आणि चार दिवसांत कंटाळून गोठ्यात टाकून गेली. एक चाक, दोन पायडल, वर दांडा आणि सीट, संपलं. ना ब्रेक, ना घंटी, ना कॅरिअर, ना हँडल. इतकं काही नसलेली वस्तू एका जागी पाहून मामांना भरून आलं. आधी गोठ्याची भिंत, मग म्हशीची पाठ, मग नुसती हवा, असा आधार बदलत दोन महिन्यांत ते सत्तरीला टेकलेल्या वयात ती चालवायला शिकले. त्या दोन महिन्यांत म्हैस दुधाला कमी आली, असं शेजारच्या काकू अजून सांगतात.

मामी गेल्यापासून मुलगा त्यांना पुण्याच्या फ्लॅटवर राहायला चला म्हणून विनवत होता. सायकलची बातमी कळताच तो तडक आला, सोबत चार पायांची ॲल्युमिनियमची काठी घेऊन. "अण्णा, पडलात तर तोंडात पाणी घालायला कोण आहे इथं?" मामांनी काठी उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "असं कर. हितनं भोरच्या बाजारात जातो आन् माघारी येतो, एका चाकावर. पाय टेकला न्हाई तर मी हितंच राह्यचं. टेकला, तर गुमान तुज्या फ्लॅटात येतो." मुलगा हसत हो म्हणाला. पंच म्हणून मला भोरहून बोलावून नेमलं, आणि जावयाला सासरी नाही म्हणता येत नाही.

पण एकचाकीवर दोन्ही हात पसरून तोल सांभाळावा लागतो, आणि तिथेच घोडं अडलं. उत्रोलीतून भोरला जाणारा माणूस रिकाम्या हाताने जातच नाही. कुणाची चप्पल शिवायची असते, कुणाच्या घड्याळाला सेल हवा असतो. ज्याच्या हातात पिशवी नाही तो घरी भांडून निघालाय, असं लोक समजतात. म्हणून हँडल करायला घेतलं. पहिलं जुन्या स्कूटरचं, आरशांसकट. त्याच्या वजनाने मामा थेट शेणात गेले. दुसरं नांगराच्या मुठीचं. ते धरलं की त्यांच्या तोंडून आपोआप बैलांना शिव्या निघायच्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी मुलाने आणलेली काठी कापली, वाकवली, पट्ट्या घालून नट-बोल्टांनी सीटच्या पुढे आवळली आणि मुठींना जुनी ट्यूब चढवली. मी हलवून पाहिलं. "मामा, हे वळत नाही."

"वळायचं मान्सानं, जावईबापू. हँडल पिशव्यांसाठी असतंय."

ठरल्या रविवारी मामा पुढे आणि मोटारसायकलवर आम्ही दोघे मागे असे निघालो. पहिल्याच वळणावर काकूंनी हाक मारली. मामांनी विजेचा खांब धरला आणि काकूंनी डाव्या मुठीला कुकर अडकवला. "भोरला चाललाय न्हवं? शिट्टी बसवून आना तेवढी." मामा डावीकडे कलले. "आरं, उजवीकडं कायतरी द्या कुनीतरी! तोल चाललाय!" झालं, उभ्या आळीला आपापली मोडकी वस्तू आठवली. इस्त्री आली, मिक्सरचं भांडं आलं, आणि ज्याच्या घरात काहीच मोडलेलं नव्हतं त्याने नुसताच नारळ बांधला. दोन्हीकडे एवढं लटकल्यावर मामा जे ताठ निघाले ते बाजार येईपर्यंत डळमळले नाहीत. शेगड्या दुरुस्त करणारे त्यांचे जुने दोस्त चाचा म्हणाले, "उतरा की खाली, च्या घ्या." "बोली हाय," म्हणत मामांनी दुकानाच्या खांबाला धरून सीटवरच चहा घेतला. सगळं काम उरकून तसेच माघारी फिरले.

गाव दिसायला लागलं तसा मुलाचा ऊर भरून आला. वडिलांचा व्हिडिओ काढायला त्याने गाडी चालवतानाच एका हाताने मोबाईल धरला, आणि पुढच्या क्षणी आम्ही दोघे मोटारसायकलसकट भाताच्या खाचरात होतो. डोळ्यांतला चिखल पुसून पाहतो तो मामा गुडघाभर चिखलात उभे राहून मुलाचं डोकं चाचपतायत. सायकल वर रस्त्यावर आडवी पडली होती. "लागलं का रं?" त्याला काही झालं नव्हतं. तो नुसता वडिलांच्या पायांकडे पाहत होता.

मी घाईघाईने म्हणालो, "पंचाने काही पाहिलेलं नाही. पंच चिखलात होता."

"अण्णा, हे धरायचं नाही," मुलगाही म्हणाला.

"टेकला पाय," मामा म्हणाले. "बोली म्हंजी बोली." माणसाने इतकंही सरळ असू नये. मला त्यांचा रागच आला.

दसरा करून ते पुण्याला गेले. महिन्याभराने फोन आला. "बरं हाय. सून चांगली हाय. खाली निघालो की चार दारांवरच्या बेला वाजवतो, बाजारात चाललोय, काय आनायचं का म्हून इचारतो. कुनालाच काय नको असतंय, जावईबापू. समदं मोबाईलवर दारात येतंय."

मी म्हणालो, "मामा, आमच्या शिलाई मशीनची वादी तुटलीय. भोरात मिळत नाही." भोरात ती आमच्या कोपऱ्यावर मिळते, आणि आमच्याकडे शिलाई मशीन नाही.

शनिवारी ते एसटीने आले. माप विचारायचं राहिलं म्हणून तिन्ही मापांच्या वाद्या घेऊन आले होते. बायकोने मुकाट्याने तिन्ही ठेवून घेतल्या. मामांनी स्वतःच बसवून द्यायच्या सवयीने मशीन कुठे दिसतं का म्हणून घरभर नजर फिरवली, स्वयंपाकघरातही डोकावले, आणि चहा प्याले. निघताना पायात चपला सरकवत म्हणाले, "आता पुढल्या शनवारी काय आनू?"