गद्रेकाकूंचं रिटर्न तिकीट

"बापाला रिटर्न आणि लेकाला सिंगल? हा कुठला न्याय, दातार?" गद्रेकाकूंनी खिडकीतून विचारलं आणि मागची रांग जागच्या जागी थांबली.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी डोंबिवली स्टेशनात बुकिंग क्लार्क होतो. गाव लहान. निम्मं गाव मला नावाने ओळखायचं आणि उरलेल्या निम्म्याला रेल्वेचे नियम माझ्याहून जास्त कळतात असा त्याचा समज होता.

गद्रेकाकूंचा मधू ठाण्याला एका कारखान्यात नोकरीला होता. त्याला प्लुरसी झाली, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणात पाणी झालं. पाणी काढलं, पण अंगात त्राण राहिलं नाही. डॉक्टरांनी तीन महिने माथेरानच्या हवेत ठेवायला सांगितलं. त्याला पोचवायला वडील जाणार होते आणि दुसऱ्या दिवशी परत येणार होते. नेरळहून डोंगर चढणाऱ्या छोट्या गाडीचं तिकीट आमच्याकडेच मिळे. ते काढायला काकू स्वतः आल्या होत्या, कारण काकांच्या व्यवहारज्ञानावर त्यांचा विश्वास नव्हता.

वर्ग ठरवायलाच दहा मिनिटं गेली. मधूला फर्स्ट, कारण गादी असते. काका थर्डमध्ये, कारण त्यांना गादीची सवय नाही. मग बाजू.

"दरीच्या बाजूला नको हो. चक्कर येईल त्याला."

"काकू, गाडी वळणं घेत चढते. दरी घटकेत डावीकडे, घटकेत उजवीकडे."

"मग मधलं द्या."

बाजूचं तिकीट नसतं, हे त्यांना पटवलं आणि मग मुख्य भांडण सुरू झालं. रिटर्न तिकिटाला दहा दिवसांची मुदत होती. मधू राहणार तीन महिने. त्याने रिटर्न काढणं म्हणजे उन्हाळ्यात घोंगडी विकत घेण्यासारखं. मी हे सरळ भाषेत सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकलं.

"तुमच्या घरातून बाहेर पडताना कोणी 'जातो' म्हणतं का, दातार?"

"नाही. 'येतो' म्हणतात."

"मग आजारी पोराला नुसतं जायचं तिकीट कसं काढू? अभद्र!"

यावर कुठल्याही रेल्वेच्या नियमात उत्तर नाही. रांगेतल्या विद्वानांकडे मात्र होतं. एकाने सुचवलं, मधूने दर दहा दिवसांनी खाली येऊन पुन्हा वर जावं. दुसरा म्हणाला, त्याने असं करण्यापेक्षा डॉक्टर बदलावा. गद्रेकाका मागे उभे होते. ते हळूच "अगं, नियम आहे तो," म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. काका वेळापत्रक वाचायला गेले.

मी आत जाऊन स्टेशन मास्तरांना विचारलं.

"गिऱ्हाईक जास्त मागतंय आणि तू कमी देतोयस?" मास्तर म्हणाले. "वीक की."

मी विकलं. पण नियमाचा किडा डोक्यात वळवळत होता. उद्या काकूंनी तक्रार केली तर? म्हणून तिकिटाच्या पाठीवर मी बारीक अक्षरात लिहिलं: 'मुदत समजावून सांगितली. प्रवासी ऐकत नाहीत.' खाली सही केली. स्वतःच्या हुशारीवर मी त्या दिवशी भलताच खूश होतो.

रिटर्न तिकीट म्हणजे जाड पुठ्ठ्याचं एक कार्ड. त्याचे मधोमध दोन तुकडे होतात. जाण्याचा तुकडा वर पोचल्यावर काढून घेतात आणि तो तपासणीच्या ऑफिसात जातो. येण्याचा तुकडा प्रवाशाकडे राहतो. माझं पहिलं वाक्य येण्याच्या तुकड्यावर होतं. दुसरं वाक्य आणि सही जाण्याच्या.

तीन आठवड्यांनी वरच्या ऑफिसातून इंग्रजीत मेमो आला. त्याचा मतलब असा: आपण तिकिटावर 'प्रवासी ऐकत नाहीत' असा शेरा मारला आहे. प्रवासी काय ऐकत नव्हते? ते बहिरे होते काय? असल्यास त्यांना एकट्याने प्रवास का करू दिला? तिकीट विद्रूप केल्याबद्दल आपली वेतनवाढ का रोखू नये, याचा खुलासा करावा.

मास्तरांनी मेमो दोनदा वाचला. "दुसरा तुकडा आण. दोन्ही जोडून दाखव, म्हणजे झालं."

मी संध्याकाळी गद्रेकाकूंकडे गेलो. गद्रेकाका माथेरानहून परतले तेव्हाच मधूचा तो तुकडा घेऊन आले होते. आता तो देव्हाऱ्यात होता. अन्नपूर्णेच्या पायाशी, कुंकू लावून.

"काकू, दोन दिवसांसाठी द्या. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"मधू आला की तोच आणून देईल. तोवर तो तिथून हलायचा नाही."

"पण काकू..."

"त्यावर तो परत यायचाय, दातार."

काकांनी मला दारापर्यंत पोचवलं. "तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही हे," एवढंच म्हणाले. मी त्या घरात पाच मिनिटं होतो, त्यांनी छत्तीस वर्षं काढली होती.

मी ऑफिसला कळवलं: 'पुरावा देव्हाऱ्यात आहे. प्रवासी बरा झाल्यावर सादर करीन.' उलट टपाली विचारणा आली: 'केव्हा बरा होईल?' मी लिहिलं, 'अंदाजे तीन महिने.' त्यावर डॉक्टरांचा दाखला मागवला गेला. तोही मी मिळवून पाठवला. आपल्याकडे माणूस बरा होण्याआधी त्याची फाईल धडधाकट होते.

अशा रीतीने माझी वेतनवाढ मधूच्या फुफ्फुसात अडकली. काकू स्टेशनवर दिसल्या की मी खिडकीतून ओरडायचो, "वजन वाढलं का?" त्याचं पत्र आलं की त्यांच्याआधी मला वाचायची घाई. सगळ्या डोंबिवलीला वाटायचं, काय हा दातारचा जीव!

दुसऱ्या महिन्यात पत्र आलं, मधूला पुन्हा ताप भरला. काकू खिडकीशी आल्या, पण तिकीट मागितलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. माझ्या मनात पहिला विचार आला तो वेतनवाढीचा. दुसऱ्याच क्षणी मला माझी इतकी लाज वाटली की मी खिडकी बंद करून बाहेर आलो आणि त्यांना बाकावर बसवलं. त्या पदराने तोंड पुसत होत्या.

"सिंगल काढलं असतं तर मी म्हटलं असतं, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "आता कोणाला बोलू?"

मी म्हणालो, "रिटर्न आहे ना त्याचं? येईल." मुदत संपून दीड महिना झाला होता, हे मला पाठ होतं.

ताप उतरला. चौथ्या महिन्यात मधू आला, चांगला गुबगुबीत होऊन, रीतसर नवं सिंगल काढून. दुसऱ्या दिवशी तोच माझ्या खिडकीशी आला, मागे काकू. कुंकवाने माखलेला तुकडा त्याने पुढे केला.

"घ्या," काकू म्हणाल्या. "आला की नाही?"

मी तो सविस्तर खुलाशासह पाठवला. महिन्याने उत्तर आलं: 'सदर तुकड्याची मुदत संपलेली असल्याने तो पुरावा म्हणून ग्राह्य नाही.' वेतनवाढ सहा महिने रोखली गेली. मास्तर म्हणाले, "तरी तू नशीबवान. कुंकवाबद्दल विचारलं नाही."

पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या बायकोचं मोठं ऑपरेशन मिरजेला करायचं ठरलं. ती बरी होऊन आली. आत्ता हे लिहितानाही चहा गार होतोय म्हणून आतून ओरडते आहे. पण त्या दिवशी ते काही माहीत नव्हतं. आम्हा दोघांचा रेल्वेचा पास खिशात असूनही मी कल्याणच्या खिडकीशी रांग लावली आणि तिचं रिटर्न मागितलं. आतला क्लार्क तरुण होता, नियमाचा पक्का.

"किती दिवस राहणार?"

"दोन महिने."

"मग रिटर्न फुकट जाईल, काका. मुदत..."

"माहीत आहे," मी म्हणालो. "तुम्ही द्या. फक्त पाठीवर काही लिहू नका."