खिंडीखालच्या घरातला नळ

गुरुलिंगअप्पा गेल्याचे कळले तेव्हा मी अंगणातल्या नळाखाली बादली लावून उभा होतो. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येते. फोन वाजला म्हणून वाहता नळ सोडून आत जाणे आमच्या अंगात नाही. बादली भरली, नळ घट्ट फिरवला आणि मगच फोन घेतला. अणदूरहून, त्यांच्या घरून, पुतण्या बोलत होता. "सर, अप्पा गेले... सकाळीच." त्याला आता सात आठवडे होतील. मला लिहिण्याचा सराव नाही. आयुष्यभर फळ्यावर लिहिले, तेवढेच. तरीही हे धाडस करतो आहे, कारण एक गोष्ट त्यांच्या हयातीत सांगायची माझ्याकडून राहून गेली.

अप्पांचे नळदुर्गात महामार्गालगत पाइप-फिटिंगचे दुकान होते. मी त्याच गावात भूगोल शिकवत असे. तीस वर्षे हिमालय भिंतीवरच्या नकाशात काठीने दाखवला. प्रत्यक्ष पाहिलेला घाट म्हणजे तुळजापूरचा. निवृत्तीनंतर एकदा तोटी आणायला त्यांच्या दुकानात गेलो, तेव्हा गल्ल्यामागच्या खुंटीला एक मोठी निळी सॅक लटकलेली दिसली. दरवर्षी तीन आठवडे दुकान पुतण्यावर सोपवून हा माणूस पहाडी गावांतून एकटा हिंडतो, हे मला त्या दिवशी कळले.

"पोरास्नी हिमालय शिकवला, आन् सवता बघितला न्हाय?" त्यांनी विचारले. माझे वय, माझे गुडघे, माझा भिडस्त स्वभाव, असे काहीबाही मी पुटपुटलो. अप्पा तोट्यांचा खोका बाजूला सारत म्हणाले, "लई इचार करू नका सर. डोंगर काय परीक्षा घेत न्हाय. बर्री!" 'बर्री' म्हणजे कानडीत 'या'. त्यांच्या घरात निम्मे बोलणे कानडी असे, आणि आग्रह करायचा झाला की बाहेरही तीच भाषा ओठांवर येई. पुढचा महिनाभर रोज सकाळी सॅकमध्ये पाइप वळवायचे लोखंडी एल्बो भरून त्यांनी मला किल्ला चढायला लावला.

पहिल्याच प्रवासात आमची एक बस चुकली, दुसरीच्या वाटेवर दरड कोसळली आणि माझी सॅक तिसरीच्या टपावरून भलत्याच गावाला निघून गेली. मी रस्त्याकडेच्या दगडावर जवळजवळ रडायच्या बेतात बसलो होतो. अप्पांनी शांतपणे फडके सोडले. त्यांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, केलेल्या कडक भाकऱ्यांचा प्रवासात पार चुरा झाला होता. त्यात शेंगांची चटणी कालवून त्यांनी माझ्यापुढे धरली. "आधी खाऊ. मग घाबरू." त्यानंतरचे सर्व दिवस मी त्यांचे सदरे घालून काढले, बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत येत. लोकरीची टोपी एकच होती, तीही त्यांनी मलाच दिली.

अप्पांना त्या मुलखातले एक तळे पाहायचे होते. ते एका खिंडीपलीकडे होते, आणि पूर्वी दोनदा बर्फाने त्यांना खालूनच परतवले होते. या वेळी आम्ही खिंडीखालच्या शेवटच्या गावात वेळेत पोहोचलो. सकाळच्या जीपमध्ये दोन जागा मिळाल्या. आभाळ भरून येत असल्याने हंगामातली ती शेवटचीच फेरी होती. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो त्या बाईंना सगळे दीदी म्हणत. मोरीतला नळ थोडा वाहता ठेवायचा, नाहीतर पाणी गोठून पाइप फुटतो, असे त्यांनी अप्पांना बजावले. मी तेव्हा बाहेर बूट काढत होतो. अप्पांनी बारीक धार सोडली आणि ते झोपी गेले.

मला मात्र त्या आवाजाने झोप येईना. वाया जाणारे पाणी कानांवर पडत असताना आमच्याकडचा माणूस झोपणार कसा? मी उठलो आणि नळ दोन्ही हातांनी घट्ट बंद केला. बंद केल्यावर फार समाधान वाटले, हेही कबूल केले पाहिजे. पाणी गोठताना प्रसरण पावते, हे वाक्य मी किती वर्षे मुलांकडून पाठ करून घेतले होते...

सकाळी पाइप उभा चिरलेला होता आणि घरातले पाणी बंद पडले होते. दीदी दारात येऊन कडाडल्या, "नल किसने बंद किया?" अप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी माझ्या बुटांकडे पाहिले. मग अप्पा म्हणाले, "मैंने किया, दीदी. हमारे गाँव की आदत है." बाहेर जीपचा भोंगा वाजत होता. अप्पांनी सॅकमधून पाना आणि टेफ्लॉन टेप काढली. "मी फोडला, मीच जोडतो. तुमी जा सर. जीप उद्या न्हाय."

आणि मी गेलो.

तळे पाहिले. दहा मिनिटे काठावर उभा राहिलो, अप्पांची टोपी डोक्यावर घालून. संध्याकाळी परतलो तेव्हा पाइप जोडून झाला होता आणि अप्पा सुजलेली, लालभडक बोटे चुलीपाशी शेकत बसले होते. "कसं हाय तळं?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "छान आहे." दुसऱ्या दिवशी बर्फ पडले आणि खिंड बंद झाली.

नळदुर्गला आल्यावर ही गोष्ट दुकानासमोरच्या बाकड्यावर अमाप गाजली. "पाइप इकणारा गडी पाइप फोडून आला!" कोणी म्हणे, "अप्पा, तुमच्या दुकानचा पाइप आसता तर बर्फाची वाटबी बघितली नसती त्यानं!" अप्पा सर्वांत मोठ्याने हसत. सांगताना ते एका ठिकाणी हमखास थांबायचे. "आन् दीदीनं इचारलं, नळ कुणी बंद केला?..." इथे ते चहाचा घोट घेत, माझ्याकडे पाहत आणि मग म्हणत, "म्या!" मीही सर्वांबरोबर हसत असे. ती गोष्ट रंगवून सांगण्याची त्यांची लकब आहे, असे मी समजत होतो.

पुढची दोन वर्षे ते मला पुन्हा चला म्हणाले. मी एकदा गुडघ्याचे निमित्त सांगितले, एकदा मुलीच्या येण्याचे. खरे म्हणजे दीदींच्या दारात पुन्हा उभे राहण्याची मला लाज वाटत होती. माझ्यासाठी तेही थांबले. तिसऱ्या वर्षी त्यांच्या हृदयाचे दुखणे निघाले आणि डॉक्टरांनी उंचावर जायला मनाई केली. तळे राहिले ते राहिलेच.

ते गेल्यानंतर पंधरवड्याने वहिनींना भेटायला अणदूरला गेलो. त्यांनी दिलेले पाणी प्यालो, तांब्या खाली ठेवला आणि म्हणालो, "वहिनी, तो नळ मी बंद केला होता."

"ठाऊक हाय सर," त्या म्हणाल्या. "आल्या दिवशीच सांगितलं त्यांनी."

"मग मला कधी बोलले कसे नाहीत?"

"मीबी तेच इचारलं. तर म्हनाले, सर भिडस्त हायेत, जरा येळ लागल. सांगतील सवताहून." त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "म्हणून तर तुमच्या म्होरं ती गोष्ट सारखी काढायचे..."

चहाच्या त्या घोटाएवढी जागा ते दर वेळी माझ्यासाठी मोकळी ठेवत होते. तीन वर्षे.

परवा बाकड्यावर कोणीतरी म्हणाले, "सर, अप्पांची नळाची गोष्ट सांगा की." मी सांगू लागलो. दीदीने विचारले, नळ कोणी बंद केला, इथवर आलो आणि थांबलो. मग म्हणालो, "मी. अप्पांनी नाही, मी बंद केला होता." सगळे पोट धरून हसले. अप्पांना सांभाळून घेण्यासाठी सर खोटे बोलताहेत, असे त्यांना वाटले. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली, "जाऊ द्या सर, लई जीव व्हता तुमचा त्यांच्यावर!"

समोर दुकानात पुतण्या गिऱ्हाइकाला तोटी दाखवत होता. त्याच्या मागे खुंटीला ती निळी सॅक अजून तशीच होती, पट्टे अप्पांच्या खांद्यांना बेतलेले.