मागच्या कोपऱ्यातला खांब

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या चेहऱ्यावरून सगळं कळतं. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगतोय, एवढंच.

मी इंजिनियर. रत्नागिरीतच जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो. बंदराच्या वाटेवर एक तीन मजली इमारत होती, खाली गाद्यांचं गोदाम. गोदामाला आग लागली. माणसं सगळी वाचली, पण तळमजल्याचे खांब भाजले. वरची बिऱ्हाडं नातेवाइकांकडे पांगली आणि काम माझ्याकडे आलं.

भाजलेला खांब आधी हातोडीने वाजवून बघतात. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, खराब झालेलं बद्द. बद्द वाजेल तेवढं तोडायचं, नव्या मसाल्याने भरायचं आणि मग चिकट रसायनात भिजवलेलं फायबरचं कापड खांबाभोवती घट्ट गुंडाळायचं. वाळलं की ते खांबाला आवळून धरतं. पण आतला खांब धड हवा. तो तसाच ठेवून वरून गुंडाळलं, तर — तर बाहेरून काही दिसत नाही. काहीच नाही.

रहिवाशांच्या बैठकीत मी छातीठोकपणे म्हणालो होतो, एकूण एक खांब मी स्वतः तपासलाय. खोटं होतं का ते? मागच्या कोपऱ्यातल्या खांबाला पाण्याचा पंप लागून होता, तिथे हात पोचत नव्हता. तेवढा राहिला. समोरून तर बरा दिसत होता!

पंप हलवला तेव्हा काम संपत आलं होतं. स्लॅबखालचे टेकूही काढले होते. दिलीप — गुंडाळणीचं काम करणारा माझा मिस्त्री, कितीतरी वर्षं माझ्याबरोबर — चहाला गेला होता. मी सहज हातोडी मारली. बद्द. वर मारली, खाली मारली. बद्द.

पुन्हा टेकू लावायचे, लोकांना अजून येऊ नका म्हणायचं, आणि त्या बैठकीत मी तुमच्यासमोर थाप मारली हेही — सगळ्यांच्या देखत? पहिल्या मजल्यावरच्या कुसुमकाकू, बंदरावर मासळी विकणाऱ्या, सकाळीच विचारून गेल्या होत्या, आता यायचं ना घरी? मी हो म्हटलं होतं.

दिलीप आला. मी म्हणालो, "हा मी बघितलाय. ठीक आहे. गुंडाळ."

त्याने गुंडाळला. माझ्यावर विश्वास होता त्याचा.

माणसं परतली. आणि माझं — कसं सांगू? त्या रस्त्याने जाताना मी मान वर करत नसे. फोन वाजला की आधी नंबर कुणाचा ते बघायचो. एकदा तो काकूंचाच होता. "साहेब, भिंतीला चीर पडल्ये. बघून जावा ना जरा."

गेलो. स्वयंपाकघरात चीर तिरकी उतरत होती, बरोबर त्याच कोपऱ्यात. ओट्यापाशी काकूंची सून भाकऱ्या थापत होती. आता तरी बोलायला हवं होतं ना? मी चिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणालो, "प्लास्टर सुटलंय, काकू. घाबरू नका." त्यांनी जाताना सुरमई बांधून दिली. मी ती घेतली.

चीर वाढत गेली. शेवटी रहिवाशांनीच दुसरा इंजिनियर बोलावला; मला आणि दिलीपलाही यायला सांगितलं. त्याने सगळ्यांच्या समोर मागच्या खांबाचं कापड कापलं. आतून काँक्रीटच्या खपल्या गळून पडल्या. मग त्याने विचारलं, "हे न तोडता गुंडाळायला कुणी सांगितलं?"

दिलीप माझ्याकडे वळला. "साहेब, तुम्हीच बोललात ना — ठीक आहे म्हणून?"

मी म्हणालो, "कधी?"

एवढंच. एकच शब्द.

तो बघतच राहिला माझ्याकडे. भांडला नाही. काकूच त्याच्यावर ओरडल्या — आमची पोरंबाळं झोपतात रे वर! आणि मी उभा होतो तिथे, हाताची घडी घालून.

लगेच टेकू लागले, बिऱ्हाडं पुन्हा हलली, खांब दुसऱ्यांनी नीट केला. कुणाला इजा झाली नाही. पण दिलीपला इथे कुणी काम देईना. तो बायकोला घेऊन देवरूखला सासुरवाडीला गेला. तिथे एका हार्डवेअरच्या दुकानात माल उचलतो, असं कळलं. कामासाठी त्या बाजूला माझं जाणं होतं. दुकान कुठे आहे, मला ठाऊक आहे. मी त्या रस्त्याने गाडी घेत नाही.

काकू अजून भेटल्या की म्हणतात, तुमच्यासारख्या माणसाला त्याने फसवलं.

मी मान हलवतो.

दिलीप खरं बोलत होता.