मेकॅनिक येणार नाही

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, नोएडातल्या एका कॉल सेंटरमध्ये प्रशिक्षणाच्या पाचव्या आठवड्यात असलेल्या मुलीने इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्या बाईंना सांगितलं, की तुमचा हीटर दुरुस्त करायला मेकॅनिक येणार नाही, तुम्ही गावातला दुसरा माणूस बोलवा. कॉल दोन मिनिटं चालला. बाईंनी आभार मानले आणि फोन ठेवला.

नव्या शतकाची ती पहिलीच वर्षं. सेक्टरमधल्या काचेच्या इमारतींवरची निळी संरक्षक पट्टी अजून निघालेली नव्हती आणि समोरच्या नाल्याचा वास लिफ्टपर्यंत येत असे. वर्तमानपत्राच्या डेस्कवर सहा वर्षं काढून मी तिथे इंग्रजी शिकवायला गेले होते. डेस्कवर ‘शक्यता आहे’ असं लिहिलं, तर ती कोणी वर्तवली हे विचारलं जाई. इथे कुणी विचारत नसे.

मी शिकवत होते ती क्रियापदं सातच: कॅन, कुड, मे, माइट, शुड, वुड, विल. शाळेत ती सगळ्यांनी पाठ केलेली होती. माझं काम त्यांचा वापर सांगण्याचं होतं. ग्राहकाला मिळणार असेल ते ‘विल’ने सांगायचं. मिळणार नसेल त्यासाठी ‘शुड’, ‘माइट’, ‘वुड’. नकार कधीच द्यायचा नाही. भिंतीवर मी स्वतःच्या हाताने तक्ता लिहून लावला होता. त्यातलं तिसरं वाक्य ‘शुड’चं होतं, मेकॅनिक लवकरच तुमच्याकडे पोचायला हवा. ते मला तेव्हा चांगलं जमलेलं वाटलं होतं.

तुकडीत हसणंखिदळणं चाले. “मॅम, टॉयलेटला मे आय गो, की माइट आय?” असं एक जण रोज विचारी. दुसरा म्हणे, “तू गेलाच पाहिजेस यार, बिल्कुल मस्ट.” तो गुरुवारचा कॉल घेणाऱ्या मुलीला ते ‘फौजी’ म्हणत. तिचे वडील लष्करात टेलिफोन एक्स्चेंजवर होते, मूळचे सातारा जिल्ह्यातले. मार्चअखेर ते निवृत्त होणार होते आणि छावणीतलं क्वार्टर सोडावं लागणार होतं. घरात ठरलं होतं, की फेब्रुवारीअखेर नोकरी पक्की झाली तर ती दिल्लीत हॉस्टेलवर राहील. नाही झाली तर सगळ्यांबरोबर गावी. तिथे स्थळ बघून ठेवलेलं होतं. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात, मी मराठी आहे हे कळल्यावर, बसच्या रांगेत सांगितलं. वर्गात ती मला मॅम म्हणे, बाहेर ताई.

शुक्रवारी सकाळी मॅनेजरने मला रेकॉर्डिंग ऐकायच्या खोलीत बोलावलं. खोली कपाटाएवढी, खिडकी नसलेली. हेडफोनच्या स्पंजला दहा जणांच्या केसांचं तेल लागलेलं, ते कानाला ओलसर चिकटे. मॅनेजर समोसा खात होता.

“सुनो, आपकी फौजी,” तो म्हणाला आणि बटण दाबून हसला.

मी कॉल ऐकला. मग त्याच बाईंचे आधीचे कॉल ऐकले. आठ होते. आठही वेळा त्यांना माझं तिसरं वाक्य सांगितलं गेलं होतं, वेगवेगळ्या आवाजांत, सारख्याच गोडव्याने. एका कॉलमध्ये त्या म्हणत होत्या, मी घरात कोट घालून बसते. त्या कॉलला मी शंभरपैकी शहाण्णव गुण दिले होते. कागदावर माझी सही होती. ज्या इंग्रजी कंपनीसाठी आम्ही फोन घेत होतो, तिने त्यांच्या भागातली दुरुस्तीसेवा पावसाळ्यानंतरच बंद केली होती. तशी सूचना सुपरवायझरच्या बोर्डावर टाचलेली होती. ती मी वाचली होती.

मुलीला आत बोलावलं. मॅनेजर बाहेर गेला, समोशाचा कागद टेबलावर तसाच ठेवून.

“ताई, मी खोटं काय बोलले?”

“खोटं नाही बोललीस.”

“मग?”

“येणार नाही म्हणालीस.”

“येणारच नव्हता ना तो! बोर्डावर लिहिलंय. त्या म्हणाल्या, हा नववा फोन. मी काय, परत शुड बी म्हणू? बाबा म्हणतात, निरोप आहे तसा द्यायचा. आपल्या पदरचं घालायचं नाही. एक्स्चेंजवर आयुष्य गेलं त्यांचं.”

“हे एक्स्चेंज नाहीये.”

“ते दिसतंय,” ती म्हणाली.

मूल्यमापनाच्या फॉर्मवर ‘फेटल’ नावाचा एक रकाना असे. थेट नकार दिला की तिथे खूण करायची, बाकी सगळे गुण शून्य. प्रशिक्षणातला फेटल म्हणजे नोकरी पक्की होत नाही. त्याखाली दुसरा रकाना होता: एक वेळ सूट. ती देण्याचा अधिकार माझा होता. मात्र कारण लिहावं लागे. खरं कारण लिहिलं असतं, तर बोर्डावरची सूचना आली असती आणि आधीचे आठ कॉल आले असते, त्यांतल्या एकावरच्या माझ्या सहीसकट. खोटं कारण सुचलं नाही असंही नाही. सात क्रियापदं हाताशी होती.

मॅनेजरने दारातून डोकं आत घातलं. “हो गया? फेटल मतलब फेटल. अच्छी लड़की है वैसे.”

मी खूण केली आणि सही केली. सही करताना बोटाला समोशाचं तेल लागलं, त्याचा डाग कागदावर उमटला. मॅनेजर म्हणाला, चालेल. मुलीने ओळखपत्र गळ्यातून काढलं, दोरी नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवलं. तिने मला ताई म्हटलं नाही, मॅमही नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या बाईंचा दहावा फोन आला. हीटर गावातल्या माणसाने दुरुस्त केला होता. त्यांना त्या मुलीशी बोलायचं होतं. फोन घेणाऱ्या मुलाने सांगितलं, ती लवकरच उपलब्ध व्हायला हवी. त्या कॉलला मी अठ्ठ्याण्णव गुण दिले.