एक हाड, मग दोन

मुली त्यांना पाठीमागे बेडूकबाई म्हणत. नोकरीच्या पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेत एक बेडूक बरणीतून निसटला. बाईंनी त्याला ओंजळीत अलगद धरलं आणि मागच्या दाराने बागेत नेऊन सोडलं, तेव्हापासूनचं हे नाव. बाईंना ते ठाऊक होतं, त्याचा राग नव्हता. बेडूक निदान बागेत तरी गेला, असं त्या एकदा नवऱ्याला म्हणाल्या होत्या. नवरा हसला नाही.

बाईंचं सगळं एकाच कुंपणाच्या आत होतं. विद्यापीठ धर्मसंस्थेने चालवलेलं. तिथल्या जीवशास्त्राच्या पदवीच्या त्या प्रमुख, नवरा तिथल्याच हिशेब खात्यात, आणि राहायच्या दोन खोल्याही विद्यापीठाच्याच. खिडकीतून प्रार्थनागृहाच्या पायऱ्या दिसत. सासूबाईंचे गुडघे गेलेले, तरी त्या पायऱ्या चढल्याशिवाय त्यांचा दिवस संपत नसे.

संस्थेच्या प्रमुखांना सगळे थोरले म्हणत. आवाज कधी चढायचा नाही, चेहऱ्यावरचं हसू कधी उतरायचं नाही. बाईंचा नवरा मोठ्या आजारात पडला तेव्हा थोरल्यांनी वर्षभर त्याची जागा दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

आणि थोरल्यांनी तरी काही बंद करा म्हणून कुठे सांगितलं होतं? उत्क्रांतीच्या प्रकरणाचा विषय निघाला तेव्हा ते इतकंच म्हणाले होते, की लेकरं श्रद्धेनं लांबून येतात, त्यांच्या मनात गोंधळ नको, तेवढं त्यांनी आपापलं वाचावं. झालं. वेळापत्रकात त्या प्रकरणापुढे 'स्वाध्याय' आलं. परीक्षेत त्यावर प्रश्न नसे, मग वाचतंय कोण!

बाई काही नास्तिक नव्हत्या. संध्याकाळची प्रार्थना त्यांचीही चुकत नसे. एवढं मोठं काम देवाने घाईघाईने उरकण्याऐवजी सावकाश, मन लावून केलं असेल, तर त्यात देवाला काय कमीपणा, हे त्यांना कधी उमगलं नाही. पण बोलणार कुणाजवळ? घरात सासूबाई, कचेरीत नवऱ्याचे साहेब, सगळ्यांच्या वर थोरले. तोंड मिटून त्या पेशी आणि पानंफुलं शिकवत राहिल्या.

त्या वर्षी अभ्यासक्रमाची मान्यता संपत आली आणि मूल्यमापन समिती येणार म्हणून पत्र आलं. मान्यता गेली तर मुलींच्या पदवीला बाहेर कुणी विचारणार नव्हतं. कुलगुरूंनी भिंती रंगवून घेतल्या. सूक्ष्मदर्शकांवरची धूळ झटकली गेली, बरण्यांना नव्या चिठ्ठ्या लागल्या. सगळी प्रकरणं नीट शिकवली जातात, हे समितीला सांगायचं काम मात्र बाईंच्या गळ्यात आलं.

आदल्या संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला, "उद्या हात दाखवून अवलक्षण करू नकोस. विचारतील तेवढंच बोल."

"आणि नेमकं तेच विचारलं तर?"

नवऱ्याने ताट पुढे ओढलं. "मग आईला या वयात कुठे न्यायचं, ते आधी ठरवू."

समितीच्या अध्यक्षबाई बुटक्या होत्या, पायात कापडी बूट. रंगवलेल्या भिंतींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ वर्गात आल्या, मुलींशी गप्पा मारू लागल्या, आणि बोलता बोलता विचारलं, उत्क्रांतीतलं काय आवडलं? मुली वह्या चाळू लागल्या. शेवटी पहिल्या बाकावरची लांब वेणीची मुलगी उठली.

"तो स्वाध्याय आहे, मॅडम."

अध्यक्षबाई बाईंकडे वळल्या. "असं? मग आज आम्हीही तुमच्या विद्यार्थिनी. घ्या तास."

मागच्या बाकावर कुलगुरू बसले होते, आणि त्यांच्या शेजारी, पाहुण्यांच्या स्वागताला आलेले थोरले. इकडे आड, तिकडे विहीर. नाही म्हणावं तर मुलींची पदवी जाते, शिकवावं तर राहतं घर. बाईंनी थोरल्यांकडे पाहिलं. त्यांनी नेहमीसारखी हसून मान हलवली. त्या मान हलवण्यातून आजवर कुणाला काही कळलं नव्हतं.

बाईंनी खडू उचलला.

"आपापला दंड चाचपा," त्या म्हणाल्या. "किती हाडं लागतात? एक. कोपराच्या खाली? दोन. मनगटात बारीक बारीक पुष्कळ. मग बोटं." फळ्यावर हात उमटला. शेजारी वटवाघळाचा पंख, त्याखाली देवमाशाचा पर. कुठे हाडं ताणलेली, कुठे आखूड आणि जाड, पण मांडणी तीच. एक, मग दोन, मग पुष्कळ. उडणाऱ्याला आणि पोहणाऱ्याला एकाच घरातून आहेर मिळावा तशी. हे कसं झालं असेल, म्हणून त्यांनी विचारलं, आणि मुली बोलायला लागल्या. एकीचं चुकलं की दुसरी तिला अडवी. मागे कोण बसलंय ते मुली विसरल्या, बाईही विसरल्या. घंटा झाली तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत खडू होता.

दुपारच्या बैठकीत अध्यक्षबाई म्हणाल्या, की त्यांच्या मनात या अभ्यासक्रमाबद्दल एक शंका होती, ती सकाळच्या तासाने फिटली. मान्यता पुढे चालू. टाळ्या झाल्या.

गाड्या गेल्यावर थोरल्यांनी बाईंना व्हरांड्यात थांबवलं. आता जे व्हायचं ते होऊ दे, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

"छान शिकवलंत हो," थोरले म्हणाले. "संस्थेचं नाव राखलंत. आता पुढची समिती येईपर्यंत चिंता नाही. तोवर तो स्वाध्याय आहे तसा राहू दे. समिती आली की तुम्ही आहातच."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पाहुणे आले की कपाटातून काढायच्या, गेले की पुसून आत ठेवायच्या कपबश्या असतात ना, तशा बाई तिथे उभ्या राहिल्या. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी नवऱ्याने त्या दिवशी स्वतः चहा केला. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, थोरल्यांनी आज तुझं नाव काढलं म्हणे. आता मी डोळे मिटायला मोकळी." बाईंनी त्यांना हात दिला आणि पायऱ्या चढवल्या.

प्रार्थना सुरू झाली. समोर थोरले, हात जोडलेले, डोळे मिटलेले. मुलींच्या रांगा माना खाली घालून बसलेल्या. बाईंनीही हात जोडले, पण मन लागेना. डोळे किलकिले करून पाहिलं, तर वेणीवाल्या मुलीचा उजवा हात डाव्या कोपराखाली काहीतरी चाचपत होता. तिच्या शेजारणीचा स्वतःच्या मनगटावर. मागच्या रांगेत आणखी एक. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बोटं तेवढी हळूहळू सरकत होती. एक. मग दोन.

बाईंनी डोळे घट्ट मिटले. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी देवाकडे काही मागितलं नव्हतं. आज मागितलं. प्रार्थना संपेपर्यंत थोरल्यांचे डोळे उघडू देऊ नकोस.